गाडी न घेता बर्नर ओबरलांड: मुक्काम कुठे ठोकावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वित्झर्लंडच्या आल्प्समधला बर्नर ओबरलांड हा भाग आगगाडी, बस, केबल कार आणि बोटीने पुरेपूर फिरता येतो. ज्या गावात राहाल त्यावर मात्र रोजचे दोन तास वाचणार की जाणार, हे ठरते. गावांची नावे जर्मन उच्चाराच्या जवळ जाणारी दिली आहेत. वेळा साधारण आहेत. वेळापत्रक दर डिसेंबरच्या मध्याच्या सुमारास बदलते, म्हणून नेमकी वेळ स्विस रेल्वेच्या एसबीबी अॅपमध्ये पाहावी.

१. एकाच गावात मुक्काम कशाला? रोज पुढच्या गावी सरकत गेलो तर जास्त बघून होणार नाही का?

होत नाही. सकाळी दहा-अकराला खोली सोडायची आणि नवी खोली दुपारी दोन-तीनला मिळायची, म्हणजे दिवसाचा सगळ्यात स्वच्छ उजेडाचा वेळ बॅगा ओढण्यात जातो. इथे डोंगर सकाळी मोकळे असतात आणि दुपारनंतर ढग चढतात. ज्या दिवशी गाव बदलता त्या दिवशी शिखर होत नाही, असेच धरून चाला. शिवाय इथली गावे एकमेकांपासून वीस ते चाळीस मिनिटांवर आहेत. त्या अंतरासाठी हॉटेल बदलणे म्हणजे ठाण्याहून दादर बघायला दादरला खोली घेण्यासारखे आहे.

२. किती रात्री पुरतात?

चार रात्री ठेवा, म्हणजे तीन पूर्ण दिवस हातात येतात. एक दिवस उंच शिखराचा, एक दरी आणि धबधब्यांचा, आणि एक पावसासाठी राखीव. दोनच रात्री असतील आणि मधला दिवस ढगाळ निघाला, तर युंगफ्राउयोखचे (रेल्वेने जाता येणारी उंच, बर्फाळ खिंड; पुढे नुसते ‘योख’ही म्हटले आहे) महागडे तिकीट काढून पांढरी भिंत बघून परत याल. पाच-सहा रात्री असतील तर तलाव आणि कांडरश्टेग, ब्रिएन्झ ही गावेही निवांत होतात. सहाच्या वर असतील तर दोन मुक्कामांचा विचार करता येतो (प्रश्न १६).

३. सगळे टूरवाले इंटरलाकेनच सांगतात. ते खरेच सगळ्यात चांगले आहे का?

जाण्या-येण्यासाठी उत्तम, राहण्यासाठी ठीक. टून आणि ब्रिएन्झ या दोन तलावांमधल्या सपाट पट्टीवर, साधारण ५७० मीटर उंचीवर हे गाव आहे. बर्नहून येणारी मोठी गाडी, लुझर्नहून ब्र्युनिग घाटातून येणारी गाडी आणि माँत्रोहून येणारी गोल्डनपास एक्सप्रेस या तिन्ही इथे येऊन थांबतात. डोंगरात जाणारी छोटी गाडीही इथूनच सुटते. दोन्ही तलावांच्या बोटी, भारतीय जेवण, मोठी दुकाने, सगळे चालत्या अंतरावर आहे.

पण गाव खोलगट जागी असल्याने खिडकीतून दिसणारा देखावा बहुधा समोरच्या हॉटेलचा असतो. युंगफ्राउ शिखर दिसते, पण लांबून. उन्हाळ्यात मुख्य रस्त्यावर गर्दीही खूप असते. रोज नवी दिशा पकडायची असेल (आज ग्रिंडेलवाल्ड, उद्या बोट, परवा बर्न) तर इंटरलाकेन घ्या. सकाळी पडदा बाजूला सारला की बर्फाचा कडा दिसावा एवढीच इच्छा असेल, तर पुढे वाचा.

एक मधला मार्ग आहे, आणि तो बरेच जण विसरतात: विल्डर्सविल. इंटरलाकेन ओस्ट या पूर्वेकडच्या स्टेशनपासून गाडीने पाच मिनिटांवर. लाउटरब्रुनेन आणि ग्रिंडेलवाल्ड या दोन्हीकडच्या गाड्या इथे थांबतात, श्यिनिगे प्लाटे या डोंगराची दातेरी रेल्वे (दात असलेल्या रुळाला धरून चढ चढणारी) इथूनच सुटते, आणि रात्री शांतता असते.

४. इंटरलाकेन वेस्ट की ओस्ट? दोन्ही एकाच स्टेशनच्या बाजू आहेत ना?

नाही, आणि ही चूक मराठी माणसाकडून हमखास होते. आपल्या डोक्यात अंधेरी पूर्व आणि अंधेरी पश्चिम असते, मध्ये एक पूल. इथे वेस्ट आणि ओस्ट (म्हणजे पूर्व) ही दोन वेगळी स्टेशने आहेत, गावाच्या दोन टोकांना, साधारण दोन किलोमीटर अंतरावर. बॅगा घेऊन ते वीस-पंचवीस मिनिटांचे चालणे आहे.

डोंगरात जाणाऱ्या सगळ्या गाड्या ओस्टहून सुटतात. लुझर्नची गाडी ओस्टला येते आणि ब्रिएन्झ तलावाची बोटही ओस्टच्या मागूनच निघते. वेस्टला टून तलावाची बोट मिळते, आणि जुन्या गावातली बरीच हॉटेले, खानावळी तिकडे आहेत. बर्नहून येणारी गाडी आधी वेस्टला थांबते आणि मग ओस्टला संपते. हॉटेल वेस्टजवळ असेल तर रोज सकाळी आधी ओस्टला जावे लागेल. गाडीने ते तीन-चार मिनिटांचे काम आहे, पण पुढच्या गाडीशी वेळ जुळवण्याची कटकट रोजची. तीन-चार दिवस डोंगरातच जायचे असेल तर ओस्टपासून दहा मिनिटांच्या आत खोली बघा.

५. लाउटरब्रुनेन की ग्रिंडेलवाल्ड?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. दोन्ही गावे एकाच रेल्वेच्या दोन फांद्यांच्या टोकांना आहेत. इंटरलाकेन ओस्टहून लाउटरब्रुनेन वीस मिनिटे, ग्रिंडेलवाल्ड पस्तीस मिनिटे. फाटा त्स्वायल्युचिनेनला फुटतो. एका गावातून दुसऱ्यात जायचे तर तिथे गाडी बदलून पाऊण तास लागतो.

लाउटरब्रुनेन (७९५ मीटर) ही उभ्या कड्यांमधली अरुंद दरी आहे. श्टाउबबाख धबधबा गावातच कोसळतो, जवळपास ३०० मीटर. वाहतुकीच्या हिशेबाने हे गाव म्हणजे चौक आहे: स्टेशनातूनच वेंगेन गाव आणि क्लाइने शायडेग खिंडीची दातेरी रेल्वे सुटते, रस्त्यापलीकडून ग्र्युत्शाल्पची केबल कार निघते (वर गाडी बदलून म्युरेन), आणि १४१ क्रमांकाची बस ट्र्युमेलबाख धबधब्यावरून श्टेखेलबर्गला जाते. तिथून शिल्टहॉर्न शिखराकडे (२९७० मीटर) जाणारी केबल कार आहे. उणी बाजू: दरी इतकी खोल की हिवाळ्यात ऊन जेमतेम काही तास येते, खाण्याचे पर्याय कमी, आणि दिवसभर प्रवाशांचा लोंढा गावातून वाहत असतो. संध्याकाळी सहानंतर मात्र गाव पुन्हा गावासारखे होते.

ग्रिंडेलवाल्ड (१०३४ मीटर) उघड्या, रुंद खोऱ्यात आहे आणि समोर थेट आयगर शिखराची उत्तर भिंत उभी. फर्स्ट नावाच्या डोंगराची गोंडोला (छोट्या डब्यांची केबल कार), मेन्लिखेन डोंगराची गोंडोला आणि डिसेंबर २०२० पासून चालू असलेली आयगर एक्सप्रेस ही केबल कार, तिन्ही इथून. आयगर एक्सप्रेस पंधरा मिनिटांत आयगरग्लेचरला (२३२० मीटर) पोहोचवते, आणि तिथून बोगद्यातली गाडी सव्वीस मिनिटांत युंगफ्राउयोखला (३४५४ मीटर). म्हणजे गावातून निघून तासाभरात वर. दुकाने, खानावळी, खोल्या जास्त, भाडेही जास्त. म्युरेन आणि शिल्टहॉर्नची बाजू इथून लांब पडते.

आमचा कल असा: युंगफ्राउयोख, फर्स्ट आणि डोंगरवाटांवर चालणे हा बेत असेल तर ग्रिंडेलवाल्ड. धबधबे, म्युरेन, वेंगेन आणि रोज वेगळी दिशा हवी असेल तर लाउटरब्रुनेन. दोन्ही बाजू सारख्याच बघायच्या असतील तर फाट्याच्या अलीकडे, म्हणजे विल्डर्सविल किंवा ओस्टला राहिलेले बरे. युंगफ्राउयोखची फेरी वर्तुळाकार करता येते, आयगर एक्सप्रेसने वर आणि क्लाइने शायडेग-वेंगेन-लाउटरब्रुनेन मार्गे खाली. तिचे दोन्ही हात शेवटी त्या फाट्यालाच येऊन मिळतात.

६. ग्रिंडेलवाल्डमध्ये हॉटेल ‘स्टेशनजवळ’ लिहिलेय. कोणत्या स्टेशनजवळ?

चांगला प्रश्न, बुकिंगआधीच विचारावा असा. गावात दोन थांबे आहेत. आधी ‘ग्रिंडेलवाल्ड टर्मिनल’ येतो, जिथून आयगर एक्सप्रेस आणि मेन्लिखेनची गोंडोला सुटते. त्यानंतर शेवटचे ‘ग्रिंडेलवाल्ड’ स्टेशन, जिथे बाजारपेठ आहे. फर्स्टची गोंडोला आणखी पुढे, मुख्य रस्त्याने दहा-पंधरा मिनिटे चालल्यावर. टर्मिनलजवळ राहिलात तर युंगफ्राउ सोपे आणि फर्स्ट लांब. नकाशावर अंतर बघताना चढही बघा. इथे ‘स्टेशनपासून ६०० मीटर’ म्हणजे बॅगेसकट उभा चढ असू शकतो. म्युरेनमध्येही हाच घोळ आहे (पुढचा प्रश्न).

७. वेंगेन आणि म्युरेनला मोटारी जात नाहीत म्हणे. मग सामान कसे न्यायचे?

माथेरान डोळ्यांसमोर आणा, फक्त घोडे वजा करा. दोन्ही गावे दरीच्या कड्यावरच्या सपाटीवर आहेत, समोरासमोर. वेंगेनला (१२७४ मीटर) लाउटरब्रुनेनहून दातेरी गाडीने पंधरा मिनिटांत पोहोचता, बॅगा स्वतःच गाडीत चढवायच्या. स्टेशनवर बऱ्याच हॉटेलांची छोटी विजेरी गाडी घ्यायला येते. कोणत्या गाडीने येणार ते आदल्या दिवशी कळवावे, नाहीतर ती येत नाही. अपार्टमेंट घेतले असेल तर अशी सोय धरून चालू नका.

म्युरेनला (१६३८ मीटर) दोन वाटा आहेत. पहिली लाउटरब्रुनेनहून केबल कारने ग्र्युत्शाल्प आणि तिथून कड्याच्या काठाने जाणारी छोटी गाडी. दुसरी बसने श्टेखेलबर्ग आणि तिथून केबल कार. २०२४ च्या अखेरीपासून ही केबल थेट म्युरेनला जाते. पण पहिली वाट गावाच्या उत्तर टोकाला पोहोचवते आणि दुसरी दक्षिण टोकाला, मध्ये पंधरा मिनिटांचे चालणे. हॉटेल कोणत्या टोकाला आहे ते पाहूनच वाट निवडा. दोन वाटांचा एक फायदाही आहे: एक देखभालीसाठी बंद असेल तर दुसरी सहसा चालू असते.

माणशी एक मोठी बॅग असेल तर वेंगेन सहज जमते. चौघांत सहा मोठ्या बॅगा असतील तर दोन्ही गावांचा नाद सोडा.

८. बर्न किंवा लुझर्नला राहून रोज डोंगरात ये-जा केली तर? हॉटेल स्वस्त पडते.

बर्नहून इंटरलाकेन ओस्ट साधारण ५५ मिनिटे, लाउटरब्रुनेन दीड तासाच्या आत. म्हणजे रोज जाऊन-येऊन पावणेतीन-तीन तास. एक-दोन दिवसांसाठी चालेल, चार दिवसांसाठी नाही. बर्नचे दोन गुण मात्र खरे आहेत: हॉटेलात उतरणाऱ्यांना शहरातली ट्राम-बस मोफत करणारे बर्न तिकीट मिळते, आणि हवा बिघडली तर झुरिक, बाझल, लोझान यांपैकी कुठेही पटकन निघता येते.

लुझर्नची गोष्ट वेगळी. तिथले स्वतःचे डोंगर आहेत: पिलाटुस, रिगी, आणि एंगेलबर्गमार्गे टिटलिस. त्यांच्यासाठी लुझर्न उत्तम. पण लुझर्नहून इंटरलाकेनच एक तास पन्नास मिनिटे. तिथून पुढे युंगफ्राउयोख करून त्याच दिवशी परत यायचे म्हणजे गाडीतच सहा-सात तास. देखावे सुंदर आहेत हे मान्य, पण पाचव्या तासाला कुणीच खिडकीबाहेर बघत नाही.

९. श्पीत्स, टून, मायरिंगेन ही नावेही दिसतात. ती कुणासाठी?

श्पीत्स हे जंक्शन आहे. बर्न, इंटरलाकेन, आणि २००७ साली सुरू झालेल्या लोचबर्ग पायथा-बोगद्यातून पलीकडचे फिस्प गाव, अशा तिन्ही दिशांच्या मोठ्या गाड्या इथे थांबतात. इंटरलाकेन वीसेक मिनिटे, बर्न अर्धा तास, कांडरश्टेग अर्धा तास. मॅटरहॉर्न शिखराच्या पायथ्याच्या झरमाट गावाचीही एक दिवसाची फेरी डोक्यात असेल (प्रश्न १७), तर हे गाव नकाशात वाटते त्याहून सोयीचे आहे. स्टेशन उंचावर आणि बोटीचा धक्का खाली तलावाकाठी, त्यामुळे हॉटेल वर की खाली ते बघून घ्या.

टून म्हणजे किल्ला असलेले जुने गाव, बर्नपासून वीस मिनिटांवर. ज्यांना डोंगर एखादाच दिवस आणि तलाव, बाजार, बोट जास्त हवी, त्यांच्यासाठी. मायरिंगेन ब्र्युनिगच्या वाटेवर आहे: आरे नदीची घळ, राइखेनबाख धबधबा, आणि उन्हाळ्यात ग्रोसे शायडेग खिंडीवरून ग्रिंडेलवाल्डला जाणारी बस. त्या खिंडीवर खासगी गाड्यांना बंदी आहे. गाडी न घेता फिरणाऱ्याला वरचढ ठरवणारी अशी जागा विरळाच.

१०. गाडी मध्येच तुटते म्हणे. चुकीच्या डब्यात बसलो तर?

ओस्टहून सुटणारी एकच गाडी त्स्वायल्युचिनेनला दोन भागांत वेगळी होते. एक भाग लाउटरब्रुनेनला, दुसरा ग्रिंडेलवाल्डला जातो. फलाटावर विभाग अक्षरांनी दाखवलेले असतात, आणि डब्याच्या दाराजवळच्या पाटीवर त्या डब्याचे गाव लिहिलेले असते. घाईत समोर दिसेल त्या डब्यात चढू नका, पाटी वाचा. चुकलातच तर त्स्वायल्युचिनेनला उतरून भाग बदला, तेवढा थांबा असतो. तिथेही लक्षात आले नाही, तर पुढच्या स्टेशनवर उतरून उलटी गाडी घ्या. गाड्या दर अर्ध्या तासाला आहेत, नुकसान वेळेचेच. कुटुंब मोठे असेल तर सगळे एकाच भागात चढलेत ना ते मोजा. आजोबा एका डब्यात आणि तिकिटे दुसऱ्या डब्यात असे होऊ देऊ नका.

११. मुक्कामाच्या गावानुसार कोणता पास घ्यावा?

आधी गाव ठरवा, मग पास. उलटे करू नका. तीन पर्यायांचा स्वभाव समजून घ्या.

स्विस ट्रॅव्हल पासवर देशभरच्या गाड्या, बस, बोटी, शहरी वाहतूक मोफत, आणि डोंगरात ग्रिंडेलवाल्ड, वेंगेन, म्युरेनपर्यंतही. त्यावर युंगफ्राउयोखच्या भाड्यात फक्त २५ टक्के सूट. फर्स्ट, मेन्लिखेन आणि इंटरलाकेनजवळचा हार्डर कुल्म डोंगर यांवर ५० टक्के. रोज शहर बदलणाऱ्यासाठी हा पास. एकाच जागी चार दिवस बसणाऱ्याचे त्यात पैसे वाया जातात.

हाफ फेअर कार्ड महिनाभर चालते आणि जवळपास सगळ्यावर निम्मे भाडे, युंगफ्राउयोखवरही. एका जागी मुक्काम करून दोन-तीन शिखरे करणाऱ्याला बहुधा हेच स्वस्त पडते, कारण खरा खर्च दरीतल्या गाड्यांचा नसून वरच्या टप्प्यांचा असतो.

युंगफ्राउ भागाचा आणि बर्नर ओबरलांडचा असे प्रादेशिक पासही आहेत. तीन दिवस किंवा जास्त, सलग, ठरावीक हद्दीत. ग्रिंडेलवाल्ड-वेंगेन परिसरात रोज वर-खाली करणार असाल तर युंगफ्राउचा पास. त्यात आयगरग्लेचरपर्यंत प्रवास धरलेला असतो, योखचा शेवटचा टप्पा वेगळे पैसे भरून. कांडरश्टेग, ब्रिएन्झ, बर्न असे पसरून फिरणार असाल तर ओबरलांडचा.

हिशेब असा करा: कागदावर दिवसवार फेऱ्या लिहा, अॅपमध्ये पूर्ण भाडे बघा, त्याची निमपट करून हाफ फेअर कार्डाची किंमत मिळवा, आणि मग पासच्या किमतीशी ताडून बघा. वीस मिनिटांचे काम. आईवडिलांसोबत फिरणाऱ्या ६ ते १५ वयाच्या मुलांसाठी स्विस फॅमिली कार्ड फुकट मिळते, ते पास घेतानाच मागा. काही डोंगरी वाहनांचा नियम वेगळा असतो, तेवढे विचारून घ्या.

१२. हॉटेलवाले गेस्ट कार्ड देतात, त्याचा उपयोग काय?

दर रात्री माणशी जो पर्यटन कर भरता, त्याच्या बदल्यात हे कार्ड मिळते. इंटरलाकेन परिसरात त्यावर स्थानिक बस मोफत आहे. अपार्टमेंटचे मालक कधीकधी द्यायला विसरतात, म्हणून पोहोचायच्या आधीच मागा, म्हणजे पहिल्या दिवसापासून वापरता येईल. कर बुकिंगच्या रकमेत धरलेला नसेल तर निघताना वेगळा मागतात. ती फसवणूक नसते.

१३. आई-बाबा सत्तरीचे आहेत, गुडघे दुखतात. कुठे राहावे?

ओस्टजवळ किंवा विल्डर्सविलला, सपाट रस्त्यावर. लाउटरब्रुनेनचा रस्ता चढाचा आहे, वेंगेन आणि म्युरेनमध्ये हॉटेलपर्यंतची वाट तिरकी. गाड्यांचे बरेच दरवाजे फलाटाच्या पातळीवर आहेत, त्यामुळे चढ-उतार फार अवघड नाही. अडचण होते ती बदलांच्या घाईत. अॅप चार-पाच मिनिटांचा बदलही सुचवते, तो तरुणांसाठी. तुम्ही एक गाडी सोडून पुढची धरा.

झोपायला इथली कोणतीही उंची त्रासाची नाही. योख मात्र ३४५४ मीटरवर, आणि आयगर एक्सप्रेसमुळे तिथे फार झपाट्याने पोहोचतो. हृदय किंवा श्वसनाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच जा, वर सावकाश चाला, पाणी पीत राहा. शंका असेल तर मेन्लिखेन किंवा म्युरेन घ्या. बर्फाची तीच शिखरे समोर दिसतात आणि दमही लागत नाही.

१४. शाकाहारी जेवणाचे काय? स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी का?

तीन रात्रींपेक्षा जास्त राहणार असाल तर घ्याच. भारतीय जेवण मिळण्याची खात्री इंटरलाकेनमध्ये. ग्रिंडेलवाल्डमध्ये पर्याय कमी, लाउटरब्रुनेन-वेंगेन-म्युरेनमध्ये त्याहून कमी आणि महाग. या सगळ्या गावांत कोऑप सुपरमार्केट आहे: तांदूळ, डाळ, दही, भाज्या मिळतात. वरच्या गावांत ते लवकर बंद होते, त्यामुळे डोंगरावरून उतरून सातला भाजी आणू असे म्हणू नका.

भारतातून नेताना लक्षात ठेवा: मांस आणि दुधाचे पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये आणायला बंदी आहे. साजूक तूप, पेढे, खवा त्यात आले. ताजा कढीपत्ता आणि मिरच्याही घरीच ठेवा. मेतकूट, भाजणी, सुकी चटणी, गोडा मसाला चालतो. शेगडी बहुतेक काचेची, विजेची असते, म्हणून कुकर नेलात तर सपाट बुडाचा. आणि फोडणीआधी खिडकी उघडा. धुराचा भोंगा हिंगाला ओळखत नाही.

१५. कोणत्या महिन्यात कोणते गाव नको?

एप्रिल आणि नोव्हेंबर हे देखभालीचे महिने. केबल कार आणि गोंडोला आळीपाळीने बंद ठेवतात. गावांना जोडणारी रेल्वे चालू असते, पण वर जाण्याचे बरेच मार्ग बंद, हॉटेलेही काही आठवडे कुलूपबंद. या दिवसांत वेंगेन-म्युरेन टाळा. इंटरलाकेन, टून किंवा बर्न घ्या. बुकिंग करण्याआधी प्रत्येक डोंगरी मार्गाच्या संकेतस्थळावर बंद असण्याच्या तारखा बघा.

श्यिनिगे प्लाटेची रेल्वे आणि ब्रिएन्झर रोटहॉर्नची वाफेची गाडी जूनच्या आसपास सुरू होऊन ऑक्टोबरअखेर थांबतात. भारतातून मे महिन्याच्या सुट्टीत येणाऱ्यांची इथेच फसगत होते: मेच्या पहिल्या पंधरवड्यात दरी हिरवीगार असते, पण वरच्या पायवाटांवर अजून बर्फ असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उलटा प्रकार घडतो. धुके खाली तलावांवर साचते आणि वर लख्ख ऊन. त्या दिवसांत म्युरेनला राहणारा जिंकतो आणि इंटरलाकेनचा माणूस राखाडी आकाश बघत बसतो. म्हणून हवामान गावावरून ठरवू नका. सकाळी उठून शिखरावरचे थेट कॅमेरे बघा आणि मगच तिकीट काढा.

१६. सात-आठ रात्री आहेत. दोन ठिकाणी विभागू का?

विभागा, पण दोन्ही गावे एकाच खोऱ्यात नकोत. इंटरलाकेन आणि ग्रिंडेलवाल्ड अशी विभागणी म्हणजे बॅगा भरण्याची हौस. लुझर्न तीन आणि ओबरलांड चार हे चांगले, कारण मधला ब्र्युनिगचा प्रवास हीच एक सहल आहे. लुझर्नहून येताना तलाव उजवीकडे की डावीकडे यावरून कुटुंबात वाद होतात. बरेच तलाव उजव्या बाजूला येतात, एवढे सांगून बाजूला होतो.

१७. इंटरलाकेनहून झरमाट एका दिवसात होते का?

होते. श्पीत्स आणि फिस्पला गाडी बदलून एका बाजूने साधारण सव्वादोन तास. सकाळी सातच्या आसपास निघालात तर तिथला गोर्नरग्राट डोंगर करून रात्री परत येता येते. पण मॅटरहॉर्न ढगात असेल तर हा दिवस पूर्ण फुकट, म्हणून आदल्या रात्री नाही, त्याच सकाळी ठरवा. श्पीत्सला राहणाऱ्याची यात जवळपास तासभराची बचत होते. म्युरेनहून हा बेत आखू नका.

१८. विमान रात्री उतरते. त्याच दिवशी डोंगरातल्या गावात पोहोचता येईल का?

झुरिक विमानतळावरून इंटरलाकेन ओस्ट सव्वादोन तासांच्या आसपास, जिनिव्हाहून तीन तासांच्या आसपास. विमान उतरल्यावर पारपत्र तपासणी आणि सामान यांना किमान तास धरा. संध्याकाळी सातच्या आत उतरत असाल तर इंटरलाकेन जमते. त्यानंतर उतरत असाल तर पहिली रात्र झुरिक किंवा बर्नला काढा. मुंबईहून रात्री निघून सकाळी लवकर झुरिकला उतरणाऱ्यांची अडचण वेगळी: सकाळी दहाला गावात हजर आणि खोली दुपारी तीनला. बॅगा हॉटेलात ठेवून घेतात, किंवा स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका. त्या दिवशी बोट घ्या, शिखर नको. अर्धवट झोपेत ३४५४ मीटर झेपत नाहीत.

१९. शेवटची गाडी चुकली तर अडकून पडू का?

यात दोन गोष्टींची गल्लत होते. शिखरांवरून खाली येणारी वाहने (फर्स्ट, मेन्लिखेन, योख) संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास, ऋतूप्रमाणे थोडी पुढे-मागे, बंद होतात. ती चुकली तर पायी उतरणे किंवा वर राहणे एवढेच उरते, आणि योखवरून पायी उतरता येत नाही. गावांना जोडणाऱ्या गाड्या मात्र रात्री उशिरापर्यंत चालतात, वेंगेन आणि म्युरेनसाठीही. रात्रीच्या फेऱ्या विरळ होतात, म्हणून इंटरलाकेनला जेवायला उतरलात तर ताटावर बसण्याआधी परतीची वेळ बघून ठेवा. म्युरेनसाठी गाडी आणि केबल कार दोन्हींची शेवटची वेळ बघायची. नुसती लाउटरब्रुनेनपर्यंतची गाडी मिळून उपयोग नाही.

२०. खोली नक्की करण्याआधी शेवटचे काय तपासू?

अॅपमध्ये हॉटेलचा पत्ता टाका आणि तीन फेऱ्या काढून बघा: सकाळी आठला युंगफ्राउयोखकडे, रात्री नऊला इंटरलाकेन ओस्टहून परत, आणि निघायच्या दिवशी विमानतळाकडे. प्रत्येकीत किती बदल आणि पहिल्या गाडीपर्यंत किती मिनिटे चालणे, ते मोजा. कुठल्याही फेरीत तीनपेक्षा जास्त बदल दिसले (योखची फेरी सोडून, ती स्वभावानेच तुकड्यातुकड्यांची आहे) तर दुसरे गाव बघा. मग रस्त्याचा चढ, उद्वाहक आहे की नाही, खोली रद्द करण्याची मुदत. व्हिसाच्या अर्जाला बुकिंग जोडायचे असते, तेव्हा मुदत व्हिसा हातात येण्याच्या तारखेपुढची असावी.

चार्जरचेही विचारतात. भारतीय बारीक दोन-पिनी चार्जर तिथल्या षटकोनी खाचेत बसतो, तीन-पिनी बसत नाही. आणि चर्चशेजारची खोली स्वस्त मिळत असेल तर कारण समजून घ्या: घंटा पहाटेपासून वाजते.